हिशेब आधी गावाला

“आमचं ऑडिट दरवर्षी वेळेवर होतं, सी.ए. एकही शेरा मारत नाहीत, तरी गावात लोक आमच्याबद्दल कुजबुजतात. आमचं चुकतंय कुठे?” बालवाड्या चालवणाऱ्या एका संस्थेच्या सचिव ताईंचा हा प्रश्न. पाणलोटाचं काम करणारे एक कार्यकर्ते विचारत होते, “वर्षात चाळीस मेळावे घेतले. फोटो आहेत, हजेरीपट आहेत. देणगीदार म्हणतात, परिणाम दाखवा. आता परिणाम म्हणून काय दाखवू?” आणि एका शेतकऱ्याचा प्रश्न समोरच्या बाजूने आला: “आमच्या गावाच्या नावावर संस्थेनं पैसे आणले. हिशेब मागितला तर म्हणाले, तुमचा काय संबंध? खरंच आमचा काही संबंध नाही का?”

लहान संस्थांची दप्तरं लावून देण्याच्या कामात हे तीन प्रश्न मला पुन्हापुन्हा भेटतात. तिन्हींचं मूळ एकच आहे. दुकानदाराने खराब माल दिला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात जातं. संस्थेच्या कामात तसं होत नाही. पैसे देणारा पुण्या-मुंबईत असतो, खर्च करणारे तालुक्याच्या कार्यालयात असतात आणि ज्यांच्या नावाने पैसा आला ती माणसं वाडीवर असतात. त्यांनी मोल दिलेलं नसतं, म्हणून तक्रार करावी असं त्यांनाही वाटत नाही. हिशेब विचारण्याचा हक्क संस्थेलाच आपणहून त्यांच्या हातात द्यावा लागतो. धर्मादाय कार्यालय, आयकर खातं आणि देणगीदार यांना द्यायचे कागद हा किमान भाग झाला. तो चोख हवाच, पण गावातली कुजबूज त्याने थांबत नाही.

तरीही सुरुवात कागदांपासून करू या. दप्तरच सापडत नसेल, तर गावापुढे ठेवणार काय?

पहिलं काम: परिशिष्ट एकचा उतारा काढा

महाराष्ट्रात बहुतेक संस्थांची नोंद दोन कायद्यांखाली असते: संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०. म्हणून प्रमाणपत्रं दोन आणि नोंदणी क्रमांकही दोन. निव्वळ ट्रस्ट असेल तर फक्त दुसरा कायदा लागू. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची संस्था कंपनी निबंधकाकडे आपली विवरणं भरते, तिचा रस्ता वेगळा.

धर्मादाय कार्यालयात तुमच्या संस्थेचं एक पान असतं. त्याला परिशिष्ट एक म्हणतात, कार्यालयात ‘पीटीआर’ किंवा ‘शेड्युल वन’ म्हणूनही ओळखतात. विश्वस्तांची नावं, मालमत्ता आणि उद्देश त्यावर असतात. त्याचा ताजा उतारा काढा आणि शांतपणे वाचा. मी पाहिलेल्या बऱ्याच उताऱ्यांवर असे विश्वस्त होते, ज्यांना जाऊन दहा-दहा वर्षं झाली होती. संस्था चालवणारी माणसं वेगळी आणि कायद्याच्या नजरेतली माणसं वेगळी, असा तो प्रकार.

विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, जमीन किंवा इमारत घेतली, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. सोबत हे कागद जमवून ठेवा:

- सभेची सूचना आणि ती सर्वांना पोचल्याचा पुरावा (पोच सही, टपालाची पावती)
- सभेचा हजेरीपट आणि इतिवृत्ताची प्रत
- नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं
- जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पहिल्या कागदावर. सभा झालेली असते, ठराव खरा असतो, पण सूचना सर्वांना गेली होती हे दाखवता येत नाही. “आम्ही फोनवर कळवलं होतं” हे उत्तर तिथे टिकत नाही. मुदत उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि उशिराचं खरं कारण लिहा. हे काम पुढे ढकलण्याची किंमत शांततेच्या काळात कळत नाही. मंडळात दोन गट पडले की दोघेही “आम्हीच खरे” म्हणत बँकेत जातात, बँक खातं गोठवते आणि बालवाडीच्या सेविकांचं मानधन अडकतं. भांडण मोठ्यांचं आणि उपासमार सेविकांची.

इथेच आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही लागते: शेतजमिनीसाठी दहा वर्षांपेक्षा जास्त, इमारत वा बिगरशेतीसाठी तीन वर्षांपेक्षा जास्त. आणि संस्थेसाठी कर्ज काढायलाही पूर्वपरवानगी हवी. अध्यक्षांनी मोठ्या मनाने स्वतःकडचे दोन लाख उसने दिले, तरी तो प्रश्न उभा राहतो. आधी सल्ला घ्या, मग पैसे घ्या.

रोख पैशाची शिस्त

एका संस्थेतला कार्यकर्ता मला आठवतो. त्याच्याइतका सचोटीचा माणूस मी कमी पाहिला. आठ महिन्यांची बिलं त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत साठवली होती. मार्चअखेर ती पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा तेवीस हजारांचा मेळ बसेना. ओझेवाल्यांना किती दिले, टेंपोचं भाडं कोणत्या तारखेला दिलं, काही सांगता येईना. त्याने पैसे घेतले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी पुढचं वर्षभर तो मान खाली घालून वावरला. रोजच्या रोज लिहिणं हे चोराला पकडण्यासाठी आहे असं समजू नका. ते प्रामाणिक माणसाचं संरक्षण आहे.

- पावतीपुस्तकं छापून आली की आधी क्रमांकांची नोंद करा: कोणतं पुस्तक कुणाला दिलं, कधी परत आलं. रद्द पावती फाडून टाकू नका. सगळ्या प्रतींवर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवा.
- जमा झालेली रोख देणगी परस्पर खर्च करू नका. ती पूर्ण बँकेत भरा, खर्चासाठी किरकोळ रक्कम वेगळी काढा.
- रोजकीर्द संध्याकाळी पुरी करा आणि पेटीतली रोकड मोजून शिल्लक ताडून पाहा. महिन्यातून एकदा हे काम अशा विश्वस्ताने अचानक येऊन करावं, ज्याचा रोजच्या खर्चाशी संबंध नाही.
- बिल मिळत नाही अशा खर्चाला (मजुरी, बैलगाडी, गावात बनवून घेतलेलं जेवण) प्रमाणक लिहा: कुणाला, कशासाठी, किती, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि एक साक्षीदार.
- चेकवर दोन सह्या असाव्यात आणि त्या एकाच घरातल्या नसाव्यात. सही करून ठेवलेला कोरा चेक कपाटात असता कामा नये, कितीही विश्वासाचा माणूस असो.
- यूपीआयने देणगी घ्यायची तर क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा. कार्यकर्त्याच्या नंबरवर आलेले पैसे नंतर ‘वळते’ केले, तरी शंका उरतेच.
- एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्यासाठी ‘तात्पुरता’ वापरू नका. नाइलाज असेल तर आधी मंडळाचा ठराव करा, देणगीदाराला लेखी कळवा आणि परत करण्याची तारीख लिहा.
- शिलाई यंत्रं, संगणक, खुर्च्या, ताडपत्र्या जडसंग्रह नोंदवहीत चढवा आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजा.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही ठिकाणी कार्यकर्तीची सही आठ हजारांवर घेतात, हातात सहा देतात आणि उरलेले दोन तिने संस्थेला ‘देणगी’ दिले असं लिहितात. “प्रकल्पात भाड्याची तरतूद नव्हती, काय करणार?” असं कारण सांगतात. अडचण खरी असेलही. पण हा खोटा हिशेब आहे आणि त्याचा भार सगळ्यात कमी पगाराच्या बाईवर पडतो. तुमच्याकडे हे चालत असेल तर याच महिन्यापासून थांबवा. देणगीदाराशी बोलून भाडं, वीज आणि हिशेबनीस यांचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे मांडा. कार्यालयाशिवाय संस्था चालत नाही, हे सांगण्यात लाज कसली?

देणगी घेताना होणाऱ्या चुका

आयकराच्या कलम ८०जी ची सवलत हवी असलेल्या दात्याकडून दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीत घेऊ नका, त्या रकमेवर त्याला सवलत मिळत नाही. प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन घ्या. अलीकडच्या वर्षांत नुसती छापील पावती पुरत नाही. देणगीदारांचं विवरण (१०बीडी) ऑनलाइन भरावं लागतं आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्र (१०बीई) दात्याला द्यावं लागतं. संस्थेची आयकर नोंदणीही पूर्वीसारखी कायमची राहिलेली नाही, तिला मुदत असते. प्रमाणपत्रावरची शेवटची तारीख पाहून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आयकर कायदा २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांची फेरमांडणी आहे, म्हणून इथे दिलेले जुने परिचित क्रमांक सी.ए. ना दाखवून नवे लिहून घ्या.

परदेशी पैशाबाबत तर फारच गोंधळ असतो. गावचा मुलगा अमेरिकेत आहे, शाळेच्या खोलीसाठी पाचशे डॉलर पाठवतो म्हणतो. घ्यायचे का? आधी विचारा, पासपोर्ट कोणता? तो भारतीय नागरिक असेल आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत दप्तरी ठेवा. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी तो विदेशी स्रोत ठरतो. मग विदेशी योगदान नियमन कायदा २०१० खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही. तो आपल्या मातीतला आहे, मराठी बोलतो, दर गणपतीला येतो, याचा कायद्यात उपयोग नाही. नोंदणी असेल तर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच आधी यावा लागतो, प्रशासकीय खर्च त्यातल्या २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाही.

भिंतीवर लावायच्या तारखा

- ३१ मार्च: हिशेब बंद, रोकड मोजणी, बँकेशी ताळमेळ
- ३१ मे: देणगीदारांचं विवरण
- ३० सप्टेंबर: लेखापरीक्षण पूर्ण आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात
- ३१ ऑक्टोबर: लेखापरीक्षण लागणाऱ्या संस्थांचं आयकर विवरणपत्र
- ३१ डिसेंबर: विदेशी योगदानाचं वार्षिक विवरण, नोंदणी असल्यास, त्या वर्षी पैसा आला नसला तरी

काही तारखा सरकार एखाद्या वर्षी पुढे ढकलतं. त्या भरवशावर बसू नका.

मंडळात प्रश्न विचारणारं माणूस हवं

कार्यकारी मंडळात अध्यक्ष काका, सचिव पुतण्या आणि खजिनदार सूनबाई असतील, तर इतिवृत्त कितीही सुबक असलं तरी विचारणारं कुणी उरत नाही. कुटुंबानेच संस्था उभी केली असेल, घरचं शेत विकून उभी केली असेल, हेही मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण संस्था सार्वजनिक झाली त्या दिवशी ती घराबाहेर गेली. निदान निम्मं मंडळ नात्याबाहेरचं असावं. त्यात ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यातले दोघे तरी असावेत आणि त्यांना नुसतं पाहुण्यासारखं बसवू नये. सभेच्या आठ दिवस आधी जमाखर्चाचं पान त्यांच्या हाती द्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवायला कुणी तरी घरी जा.

विश्वस्ताच्या नातेवाइकाकडून वस्तू घ्यायची किंवा त्याला नोकरी द्यायची वेळ आली, तर त्या विश्वस्ताने चर्चेतून बाहेर बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. दर बाजारभावापेक्षा जास्त असेल तर आयकराची सवलतही धोक्यात येते. सभा न घेता घरोघर फिरवून इतिवृत्तावर सह्या घेण्याची सवय आजच मोडा. आणि तुमच्याकडे दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील (मानधनावरची, स्वयंसेवकही धरून), तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतही ती नसल्याचं मी पाहिलं आहे.

गावापुढे हिशेब कसा मांडायचा

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि खर्चाची नोंद लोकांपुढे मोठ्याने वाचली आणि ज्यांची नावं त्यात होती तेच सांगू लागले की हे खरं, हे खोटं. तोच कागद कार्यालयात वर्षानुवर्षं पडून होता. वाचला गेला तेव्हा बोलू लागला. त्या धडपडीतून माहिती अधिकाराच्या मागणीला बळ आलं, २००५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाचं कलम आलं. सरकारकडे आपण जे मागितलं, ते स्वतःच्या संस्थेत करायला आपण का कचरतो, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

करायचं कसं?

१. वर्षातून निदान एकदा, ठरलेल्या महिन्यात. पेरणी, काढणी आणि बाजाराचा दिवस सोडून. वेळ बायांना विचारून ठरवा. गावठाणात सभा घेतली म्हणजे तांड्यावरचे किंवा पाड्यावरचे आले असं नसतं, तिथे वेगळी सभा घ्या.

२. ताळेबंद नको, एक मोठा कागद पुरे. त्यावर तीन रकाने: आलं, गेलं, उरलं. “क्षमताबांधणी ३,४०,०००” असं लिहू नका. “बालवाडी ताईंचं प्रशिक्षण: जेवण इतकं, प्रवास इतका, शिकवणाऱ्यांचं मानधन इतकं” असं लिहा. पगार पदवार सांगा. लोकांना तो आकडा ऐकायचाच असतो आणि लपवला की तो त्यांच्या मनात दुप्पट होतो.

३. वाचन संस्थेच्या माणसाने करू नये. बचत गटाचा हिशेब लिहिणारी गावातली बाई असते, तिला आदल्या दिवशी समजावून द्या आणि तिच्याकडून वाचून घ्या. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत, नंदुरबारात भिली बोलीत सांगणारं कुणी तरी हवं.

४. आलेला प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांत वहीत लिहा. तिथल्या तिथे सफाई देत बसू नका. उत्तर माहीत नसेल तर तारीख द्या.

५. त्या तारखेला परत जा. या पाचव्या पायरीवर बहुतेक संस्था गळतात आणि तिथेच विश्वास गळतो.

एका सभेत “ब्लँकेट ३००” असं वाचलं गेलं. मागच्या रांगेतली एक आजी उठून म्हणाली, “आमच्या तांड्याचं नाव घेतलं, पण आमच्याकडं गाडी आलीच नाही.” कार्यकर्ते गडबडले. शोध घेतला तर ४० ब्लँकेटं गोदामात होती. पावसाने रस्ता बंद झाला म्हणून गाडी परत आली होती आणि वाटपाची नोंद मात्र आधीच लिहून ठेवली होती. चोरी कुणीच केली नव्हती. लेखापरीक्षकाला बिल, चलन, वाटपयादी सगळं जुळत होतं. आजीला जुळलं नाही. सचिव ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला या सभेत मिळालं.

काही गोष्टी जाहीर वाचू नयेत: हिंसाचारग्रस्त स्त्रिया, एचआयव्हीबाधित, लहान मुलं, कर्ज थकलेली कुटुंबं यांची नावं. तिथे फक्त संख्या आणि खर्च सांगा. तक्रारीसाठी दोन वाटा ठेवा आणि त्यातली एक क्षेत्रातल्या कार्यकर्त्याला वगळून थेट विश्वस्तापर्यंत जाणारी असू द्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती चिठ्ठी पडली तर दुसरी चिठ्ठी कधी येणार नाही.

चाळीस मेळावे झाले, पण बदललं काय?

मेळावे, शिबिरं, वाटलेली रोपं ही तुमची मेहनत आहे. परिणाम म्हणजे त्यामुळे माणसांच्या आयुष्यात काय बदललं ते. दोन्ही लिहा, पण एकाच्या जागी दुसरं लिहू नका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने काय केलं ते पाहा. १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. पण त्याआधी आणि त्यासोबत त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला आणि जिथे हे काम नव्हतं अशा ४७ गावांतही मोजला. म्हणूनच तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबात ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांना ठामपणे सांगता आलं, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. तुलनेची गावं नसती तर “काळच सुधारला” असं कुणीही म्हणू शकलं असतं.

तुमच्याकडे संशोधक नाहीत, हे मला माहीत आहे. गरजही नाही. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून चालवलेल्या ‘असर’ पाहणीचं साधन एका कागदावर मावतं: अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते पाच मिनिटांत कळतं आणि आईलाही समजतं. अभ्यासवर्ग चालवत असाल, तर जूनमध्ये आणि मार्चमध्ये अशी तपासणी करा. वर्गात न येणाऱ्या दहा-बारा मुलांचीही करा. मूल आपल्याच संस्थेतल्या पण दुसऱ्या गावच्या ताईने तपासावं, कारण स्वतःच्या मुलांना आपण सगळेच थोडे गुण जास्त देतो.

पाणलोटाचं काम असेल, तर खोदलेल्या चरांचे मीटर सांगून थांबू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुम्हीही गावातल्या पाच-सहा विहिरी ठरवा. माथ्यावरची एक, गरीब शेतकऱ्याची एक, शेजारच्या गावातली एक अशा निवडा आणि ठरलेल्या तारखांना दोरी सोडून मोजा. बाजूला त्या वर्षाचा पाऊस लिहा. पाऊस दीडपट झाला असताना वाढलेली पातळी आपल्या खात्यावर मांडू नका. आणि पाणी वाढलं, पण ते कुणाच्या शेताला गेलं, टँकर किती दिवस आला, बायांची पाण्याची खेप किती कमी झाली, हेही विचारा. विहीर भरली आणि सगळं पाणी दोन बागायतदारांनी उपसलं, असं घडतं. मीटर-फुटांच्या आकड्यात ते दिसत नाही.

मोजायच्या गोष्टी तीन-चारच ठेवा. वीस रकान्यांचा फॉर्म कार्यकर्ती रात्री घरी बसून अंदाजाने भरते, आणि त्यात तिचा दोष नसतो. काय मोजायचं ते लोकांना विचारून ठरवा. आणि जे जमलं नाही ते अहवालात एका परिच्छेदात लिहा: काय ठरवलं होतं, का झालं नाही, पुढे काय करणार. असा परिच्छेद वाचून चांगला देणगीदार पळत नाही. जो पळतो, त्याच्या पैशावर पुढची पाच वर्षं तुम्हाला खोटं लिहावं लागलं असतं.

तुम्ही गावकरी, सभासद किंवा देणगीदार असाल तर

त्या शेतकरी दादांच्या प्रश्नाचं उत्तर: संबंध आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ अशी व्याख्याच आहे आणि विश्वस्त व्यवस्थेचे लाभार्थी व संस्थेचे सभासद त्यात येतात.

- आधी संस्थेला लेखी पत्र द्या. काय हवं ते नेमकं लिहा: कोणतं वर्ष, कोणतं काम, कोणती रक्कम. प्रतीवर पोच घ्या.
- उत्तर नाही मिळालं, तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकचा उतारा आणि दाखल झालेल्या लेखापरीक्षण अहवालाची नक्कल मागा.
- काम सरकारी अनुदानातून झालं असेल, तर अनुदान देणाऱ्या खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. मंजुरी आदेश आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागा. महाराष्ट्रात शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.
- सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणारी संस्था स्वतःच माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.
- गैरव्यवहाराचा पुरावा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. ते चौकशी करू शकतात, कलम ४१अ खाली निर्देश देऊ शकतात, कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करू शकतात.
- देणगी देण्यापूर्वी नोंदणीची मुदत, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्तांची नावं मागा. “कार्यालयीन खर्च शून्य” असं सांगणाऱ्या संस्थेला उलट जास्त प्रश्न विचारा, कारण तो खर्च कुठे तरी लपलेला असतो.

एक विनंती मात्र आहे. उशिरा झालेला बदल अर्ज आणि अफरातफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबनीस नाही म्हणून गबाळं दप्तर असलेल्या, पण पंधरा वर्षं पाड्यावर इमानाने राबणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तक्रारीच्या आधी एकदा जाऊन बसा, वही मागा. जमत असेल तर ती वही लिहायला आठवड्यातून दोन तास द्या.

आणि संस्था चालवणाऱ्यांनो, दोन कामं याच आठवड्यात करा: परिशिष्ट एकच्या उताऱ्यासाठी अर्ज द्या आणि पहिल्या गावाच्या हिशेबवाचनाची तारीख त्या गावातल्या बायांना विचारून ठरवा.